शर्यतीआधीची धडधड

गेल्या महिन्यात या सदरात दहावीच्या मुलामुलींच्या वेळापत्रकाबद्दल लिहिले, तेव्हा परीक्षेच्या भीतीचा विषय पुढच्या अंकात घेऊ असे म्हटले होते. तो शब्द पाळत आहोत, फक्त वाट जरा वेगळी घेतली आहे. कारण या वेळी परीक्षेला आम्हीच बसलो आहोत. बोर्डाच्या नव्हे, ट्रायथलॉनच्या.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी, नणंद आणि भावजय. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते आणि हे सदर लिहिते, वय ४३. दुसरी घरी शिवणकाम करते, वय ४७. धाकटी मोठीला आपा म्हणते, मोठी धाकटीला भाभी. दोघींचे मिळून एक घर, एक अम्मी, एक शिलाई मशीन आणि भाच्याकडून मागून आणलेली एक गिअरची सायकल. दुसरी जुनी विकत घेतली. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शर्यतीला जेमतेम दोन आठवडे उरलेले असतील. पोटात गोळा मात्र आत्तापासूनच आहे.

एकात तीन

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. कपडे बदलायला, बूट घालायला, पाणी प्यायला लागलेला वेळही त्यातच मोजतात. या खेळाला फार जुना इतिहास नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातल्या मिशन बे या खाडीकाठी ४६ जणांनी अशी शर्यत केली. आजच्या ट्रायथलॉनची सुरुवात तिथून मानतात. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर पहिली 'आयर्नमॅन' झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

आयर्नमॅनचे आकडे ऐकूनच घाम फुटतो: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. गोव्यात २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची शर्यत सुरू झाली. आमची शर्यत यातली कुठलीच नाही. आमची छोटी, 'स्प्रिंट' म्हणतात ती: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. छोटी म्हटले तरी ज्या दोघींना दीड वर्षापूर्वी पाण्यात तोंडही बुडवता येत नव्हते, त्यांच्यासाठी ती छोटी नाही. आयोजकांनी तीन तासांची मुदत दिली आहे. सरावात आमचा वेळ अडीच तासांच्या आसपास येतो. हातात अर्धा तास आहे, आणि रात्री झोप येत नाही तेव्हा आम्ही दोघी त्याच अर्ध्या तासाचा हिशेब करत बसतो.

आम्ही यात आलो कशा

खेळाच्या हौसेने नाही. आपाच्या रक्तातली साखर सीमेवर आली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, रोज चाला, नाहीतर वर्षभरात गोळी सुरू करावी लागेल. आमच्या घरात ही गोष्ट हलक्यावारी घ्यायची नसते. अब्बा ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. तेव्हा आपा कॉलेजात होती. साखरही अब्बांचीच, आणि ती सीमेवर आल्याचे कळले त्या दिवशी आपाने कुणाला न सांगता ५२ मधून आपले वय वजा केले होते. हे तिने पुष्कळ दिवसांनी सांगितले.

मग फजरनंतर दोघी चालू लागलो. रंकाळ्याला एक फेरी, मग दोन. चालता चालता थोडे धावलो. गुडघे कुरकुरले तशी सायकल घेतली. सायकल जमली तशी महिलांच्या तुकडीत पोहायला नाव घातले. शाळा सुटल्यावर तासभर तलाव फक्त बायकांसाठी असतो. पहिले तीन आठवडे आम्ही काठाला धरून पाण्यात नुसते बुडबुडे सोडले. आपाचे भाऊ लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले होते. बहिणीने तेव्हा काठावर त्यांचे कपडे सांभाळले. तिच्या आयुष्यातला तो डबा ४५ व्या वर्षी आला, इतकेच.

वर्षभरानंतर साखर पुन्हा तपासली. ती खाली आली होती. गोळी सुरू झाली नाही. तिथेच थांबता आले असते. पण तलावावर शिकवणाऱ्या ताईंनी शर्यतीचा कागद हातात दिला, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

अम्मींची अट

अम्मींचा सायकलला विरोध नव्हता, धावण्यालाही नाही. पाण्याला होता. "पाण्याला सगेसोयरे नसतात," एवढेच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस जेवताना गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली: पाण्यात दोघींनी सोबत राहायचे.

ही अट ऐकायला सोपी आहे. पण आमच्यापैकी धाकटी ७५० मीटर २६ मिनिटांत पोहते आणि आपाला ३१ मिनिटे लागतात. पाच मिनिटे म्हणजे शर्यतीत फार. शिवाय शर्यत ही ज्याची त्याची असते, असे सगळे सांगतात. आम्ही एका संध्याकाळी गच्चीवर बसून ठरवले. पाण्यातून बाहेर येईपर्यंत सोबत, आपाच्या वेगाने. बाहेर आल्यावर जिची तिची वाट, कुणी कुणासाठी थांबायचे नाही. आणि दोघींपैकी एकीला पाण्यातून माघार घ्यावी लागली, तर दुसरीने पुढे जायचे. शेवटचे कलम आपानेच घातले. धाकटीला ते मान्य व्हायला आठवडा लागला.

अम्मींची भीती अडाणीपणाची नाही, हे आकड्यांनीही कळते. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला. एकूण १३५ घटना, त्यातल्या ९० पोहताना. पीडितांचे सरासरी वय ४७ च्या आसपास. लाखो स्पर्धकांमध्ये हा आकडा लहान आहे, लाखात दोनपेक्षाही कमी. तरीही धोका कुठे आहे हे तो स्पष्ट दाखवतो: वय चाळिशीच्या पुढचे आणि जागा पाण्यातली. म्हणून नाव घालण्याआधी आम्ही दोघींनी तपासणी करून घेतली. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी. आपाच्या घराण्याचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगितला. त्यांनी अहवाल बघून होकार दिला आणि एक सूचना केली: छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांपैकी काहीही वाटले तर त्या क्षणी थांबायचे. शर्यत दरवर्षी असते.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली असते. आमच्या मते डॉक्टरांचा अहवाल हीच ती उंटाची दोरी. चाळिशी ओलांडलेल्या कुणीही, चालण्यापलीकडे काही करायचे मनात आणले, तर ही दोरी आधी बांधावी.

कपड्याचा प्रश्न

दोन वाचक भगिनींनी पत्रातून विचारले होते की खेळताना पोशाखाचे काय करता. पोहण्यासाठी सर्वांग झाकणारा पोशाख आता सहज मिळतो. सिडनीत राहणाऱ्या लेबनानी वंशाच्या अहेदा झनेटी यांनी २००४ च्या सुमारास तो तयार केला आणि बुर्किनी हे नाव दिले. अमेरिकेच्या खदीजा डिग्स हिजाब घालून ट्रायथलॉन करत आल्या आहेत. म्हणजे वाट अगदीच कोरी नाही. तरी नाव घालण्यापूर्वी आम्ही आयोजकांना विचारले आणि होकार लेखी घेतला. ऐन वेळी काठावर वाद नको.

तयार पोशाखात एक अडचण निघाली. अंगरख्याचा घेर पाण्यात फुगायचा आणि मागून कुणी ओढून धरल्यासारखे वाटायचे. आपाने तो घेर उसवून अरुंद केला, खालच्या काठाला आतून इलॅस्टिक लावले आणि पायजम्याला दोन ठिकाणी पट्ट्या लावून अडकवला. ताणणारे कापड साध्या टिपेने शिवले तर पहिल्याच हात मारण्याला टीप तुटते, म्हणून सगळी शिलाई झिगझॅग. त्याच पोशाखावर पुढे सायकल आणि धावणे. कापड पातळ आणि लवकर वाळणारे असल्याने पाच-सात किलोमीटरनंतर ओलेपणा जाणवत नाही. डोक्यावरच्या टोपीवर हेल्मेट बसते, फक्त हनुवटीखालचा पट्टा थोडा सैल करावा लागतो. तो आधी करून ठेवायचा, त्या दिवशी नाही.

रस्त्यावर लोक बघतात का? बघतात. गगनबावड्याच्या रस्त्याने कळ्याच्या दिशेने जाताना सुरुवातीला ट्रॅक्टरवाले मान वळवून बघायचे. आता गुऱ्हाळावरचे एक आजोबा हात वर करतात आणि आम्हीही करतो. त्या रस्त्यावर लोकांच्या नजरेपेक्षा उसाची भीती जास्त. हंगाम सुरू झाला की ट्रॉलीतून पडलेली कांडी रस्ताभर असतात, आणि चाक एकावर गेले की माणूस खाली. म्हणून उजाडल्याशिवाय त्या रस्त्याला जायचे नाही, असा आमचा नियम आहे.

धडधड म्हणजे नेमके काय

आता मूळ विषय. शर्यतीचे नाव निघाले की तळहात गार पडतात, पोटात कालवते, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते, छाती धडधडते. आमच्या वर्गातली मुले पेपरच्या आदल्या दिवशी हेच सांगतात. हे आजारपण नाही. मेंदूला समोर मोठे काम दिसले की मूत्रपिंडावर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात चालते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, पोटाचे काम मंदावते. म्हणून पोटात कालवते आणि घास उतरत नाही. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत असते. आम्हाला तर खरोखर पळायचेच आहे. तेव्हा ही तयारी अगदीच वाया जाणारी नाही.

बी.एड.ला असताना यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा नियम शिकवला होता. त्यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. सोप्या कामात उत्तेजना वाढली तर फारसे बिघडत नाही. अवघड कामात मात्र ती फार कमी असली तरी काम होत नाही आणि फार जास्त असली तरी होत नाही. मधली पातळी सर्वांत चांगली. परीक्षेच्या उत्तरात आम्ही ती उलट्या वाटीसारखी रेघ काढून पाच गुण मिळवले होते. आता कळते की ती रेघ तलावाच्या काठावरही लागू आहे. धडधड शून्यावर आणायची नाही, ती मधल्या पातळीला आणायची.

कशी आणायची? आमच्या उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, श्वास. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. पाण्यात तर हे फार महत्त्वाचे. पाण्यात घाबरलेला माणूस श्वास घेता येत नाही म्हणून तडफडतो असे वाटते. बहुतेक वेळा तो आधीचा श्वास सोडायलाच विसरलेला असतो. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांचे बुडबुडे.

दुसरी, नाव बदलणे. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाणे, भाषण, गणित अशा कामांआधी घाबरलेल्या लोकांपैकी काहींना 'मी शांत आहे' असे म्हणायला लावले, काहींना 'मी उत्साहात आहे' असे. उत्साहाचे म्हणणाऱ्यांचे काम जास्त चांगले झाले. कारण सोपे आहे. धडधडणारी छाती शांत आहे हे मनाला पटत नाही. ती उत्सुक आहे हे पटते. आपल्या मुलांना पेपरच्या सकाळी आपण "घाबरू नकोस" असे दहा वेळा सांगतो आणि दहाही वेळा त्यांच्या कानावर 'घाबर' हाच शब्द पडतो. त्याऐवजी "तयार आहेस, अंग गरम झालेय, जा" असे म्हणून बघा.

तिसरी, 'जर-तर' ची वही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले आहे की नुसता निश्चय करण्यापेक्षा 'असे झाले तर असे करीन' हे आधी ठरवलेले असेल, तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. भीती बहुधा 'असे झाले तर?' एवढ्यावरच थांबलेली असते. तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण लिहायचा. आमच्या वहीत असे लिहिले आहे:

पाण्यात दम कोंडला, तर पाठीवर वळायचे, आकाश बघायचे, दहा श्वास मोजायचे.
तरी जमले नाही, तर हात वर करायचा, मदतीची होडी येईल, तिला धरून थांबायचे. होडीने पुढे ओढत नेले नाही तर नियमाने शर्यत सुरू राहते.
छातीत दाब वाटला, तर हात वर, आणि शर्यत संपली. त्यावर चर्चा नाही.
गॉगल निघाला, तर पाठीवर वळून घालायचा; हरवला, तर डोके वर ठेवून पोहायचे.
दिशा चुकली, तर थांबून मोठा नारिंगी फुगा शोधायचा. न चुकण्यासाठी दर आठ हातांनंतर एकदा समोर बघायचे.
सायकल पंक्चर झाली, तर बाजूला घ्यायची, ट्यूब बदलायची. सरावात लागलेला वेळ १४ मिनिटे.
धावताना पाय जड झाले, तर पहिला किलोमीटर हळू. ते जड होणारच आहेत.

शेवटच्या ओळीबद्दल थोडे. सायकलवरून उतरून लगेच धावायला लागले की पाय आपले राहत नाहीत, विटा बांधल्यासारखे होतात. या जोड सरावाला इंग्रजीतही वीट या अर्थाचा 'ब्रिक' शब्दच आहे. दर रविवारी आम्ही सायकल अंगणात टाकून बूट बदलतो आणि लगेच गल्लीतून धावत निघतो. पहिल्या रविवारी शेजारच्या खालांना वाटले घरात काहीतरी झाले. त्या पदर सावरत मागे धावत आल्या. आता त्या दारात उभ्या राहून पाणी देतात.

शेवटचे दोन आठवडे

आता नवे काही शिकायचे नाही. जे आले ते आले. शेवटचे आठ-दहा दिवस सरावाचे अंतर कमी करायचे, मध्ये मध्ये थोडा वेग ठेवायचा. शरीर या दिवसांत दुरुस्त होते. गंमत म्हणजे याच दिवसांत मन सर्वांत जास्त छळते. रिकामा वेळ मिळतो, गुडघा उगाच दुखल्यासारखा वाटतो, घशात खवखव होते. आपाने यावर स्वतःचा उपाय काढला आहे. लग्नसराईची कामे तिने मुद्दाम याच पंधरवड्यात घेतली. हात मशीनवर असले की गुडघा दुखत नाही, असे तिचे म्हणणे.

कपडे-बूट बदलण्याचा सराव अंगणात चटई टाकून करतो. सायकलजवळ एक टॉवेल पसरायचा. त्यावर ज्या क्रमाने लागतील त्या क्रमाने वस्तू: हेल्मेट, चष्मा, मोजे, बूट, नंबराचा पट्टा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा शर्यतीचा नियम आहे. मोडला तर दंड. म्हणून हेल्मेट सायकलच्या हँडलवर उलटे ठेवायचे, म्हणजे आधी तेच हाताला लागते. वस्तूंची यादी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे आणि अम्मी ती रोज मोठ्याने वाचतात. पाण्याला विरोध करणाऱ्या अम्मी आता गॉगल दोन घ्या म्हणून आठवण करतात.

खाण्यात नवा प्रयोग नाही. आदल्या संध्याकाळी साधा भात, पातळ डाळ, थोडे चिकन; तिखट कमी, तळलेले नाही. शर्यतीच्या सकाळी दोन-अडीच तास आधी पोहे किंवा केळ आणि दोन-तीन खजूर. आपाला साखरेचा त्रास असल्याने तिने काय, किती आणि कधी खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवले आणि सरावात तीन वेळा करून बघितले. सायकलवर मीठ-साखर-लिंबाचे पाणी. शाळेतल्या एका मैत्रिणीने प्रेमाने शहरातून महागडी शक्तीची पुडी आणून दिली. ती शर्यतीनंतर उघडू.

झोपेबद्दल. आदल्या रात्री झोप लागणार नाही हे आम्ही धरूनच चाललो आहोत. त्या एका रात्रीने फारसे बिघडत नाही, त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री नीट झोपलेले असले म्हणजे झाले. अंथरुणावर शांत पडून राहिलो तरी शरीराला विश्रांती मिळते. मुलांनाही पेपरच्या आदल्या रात्री हेच सांगावे. "झोप, नाहीतर उद्या काही सुचणार नाही," या धाकाने कुणाला आजवर झोप लागलेली नाही.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पाण्यात उतरायची वेळ सव्वासातची आहे. फजर मैदानावरच अदा करता येईल. त्यानंतर दहा मिनिटे काठाजवळ अंग ओले करून हळू पोहायचे, म्हणजे गार पाण्याचा पहिला धक्का शर्यतीत बसत नाही. सुरुवातीच्या गर्दीत शिरायचे नाही. सगळे पुढे जाऊ द्यायचे, पंधरा-वीस आकडे मोजायचे आणि मागून, कडेने निघायचे. लाथा-हात लागत नाहीत. वेळ जातो, पण आमच्याकडे तो अर्धा तास आहे ना, तो यासाठीच आहे.

घरच्यांसाठी चार शब्द

तुमच्या घरात कुणी परीक्षेला, मुलाखतीला, ऑपरेशनला किंवा असल्या शर्यतीला निघाले असेल, तर आमच्या घरातून शिकलेले थोडे सांगतो. निकालाची चौकशी कमी करा, तयारीत हात जास्त द्या. आमच्या घरातल्या पुरुषांनी गेले चार महिने रविवारचा नाश्ता स्वतः केला, "कितवा नंबर येणार?" असे कुणी विचारले नाही. भीती बोलून दाखवली तर ती उडवून लावू नका, ऐकून घ्या आणि विचारा, "तसे झाले तर काय करशील?" अम्मींनी अट घातली, ती आम्हाला आधी अडथळा वाटली. पण त्या अटीमुळेच आम्ही गच्चीवर बसलो आणि ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या असत्या त्या बोललो. अब्बांबद्दल तर आपा इतकी वर्षे बोललीच नव्हती.

आणि शर्यतीच्या दिवशी काय होईल ते आधी कुणीच सांगू शकत नाही. पाण्याचा, वाऱ्याचा, शरीराचा भरवसा नसतो. आम्ही दोन्ही टोकांची तयारी ठेवली आहे. पूर्ण झाली तर अलहम्दुलिल्लाह, आणि पाण्यातून हात वर करावा लागला तरी अलहम्दुलिल्लाह. कारण साखर खाली आली ती शर्यतीमुळे नाही, दीड वर्षाच्या सकाळींमुळे. त्या सकाळी आमच्याकडून आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

वाचक भगिनी-बंधूंनी दुआ करावी. निकाल इन्शाअल्लाह पुढच्या अंकात थोडक्यात कळवू, आणि दहावीच्या मुलांसाठी जर-तरच्या वहीचा नमुनाही देऊ. शर्यत रविवारी आहे. सोमवारी पहिला तास नववीचा आहे, आणि आपाला संध्याकाळपर्यंत एका नवरीचा शरारा द्यायचा आहे. ती दोन्ही कामे ठरल्या वेळी होतील.